शेजारी स्त्रीच्या सांगण्यानुसार

मी ज्या खात्यात नोकरी केली त्याचं नाव इथं लिहीत नाही. लिहायची परवानगी नाही हे एक, आणि चौतीस वर्षं बायकोलासुद्धा धड सांगितलं नाही तर तुम्हाला कशाला सांगू, हे दुसरं. सरकारी होतं आणि गुपचूप माहिती काढायचं होतं, एवढं पुरे. माधवनगरात आमच्या गल्लीत सगळे मला पोस्टातला समजतात. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

रिटायर होऊन पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हा एक पत्र आलं. खात्यातल्या नेमणुका, बदल्या, बढत्या कशा होतात हे तपासायला बाहेरच्या तीन माणसांची समिती नेमली आहे, ती साताऱ्याला दोन दिवस येणार आहे, जुन्या माणसांशी बोलणार आहे, आपण यावे. मला हसूच आलं. आमच्या खात्यात बाहेरचा माणूस म्हणजे ज्याच्यापासून लपवायचं तो. आता तोच आमचं घर झाडायला येणार म्हणे.

बायको म्हणाली, "जा की. जन्मभर दुसऱ्याच्या घरच्या चौकशा केल्या, आता तुमची होऊ दे."

गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून, सकाळच्या एसटीनं. खरं सांगायचं तर जरा मिरवायलाच गेलो होतो.

माझं काम काय होतं ते आधी सांगतो. खात्यात कुणी नवा भरती व्हायचा असला की त्याच्या गावात जाऊन पडताळणी करायची. मुलगा कसा आहे, घर कसं आहे, संगत कुणाची, काही लफडं, काही दुखणं. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्हे माझ्याकडे. पाटणच्या वरच्या वाड्यांपासून तासगावच्या पलीकडच्या माळापर्यंत मी चालून झिजवलेत. अट एकच, की आपण कोण आणि कशाला आलो हे कळता कामा नये. दुसरे लोक विम्याचे एजंट व्हायचे, कुणी खतवाले व्हायचे. आणि आमच्या गावांत विमावाला दिसला की माणसं मागच्या दारानं पळतात.

मी सोयरिकीला आलेला पाहुणा व्हायचो. "आमच्या नात्यात एक मुलगी आहे, तुमच्या शेजारच्या मुलाचं नाव कानावर आलंय." एवढं म्हटलं की घोंगडं अंथरलं जातं, पाणी येतं, चहा येतो, आणि तीन पिढ्यांचा इतिहास न मागता मिळतो. सोयरिकीच्या माणसाला कुणी ओळखपत्र मागत नाही. तो चार घरं फिरून खोदून खोदून विचारतो, ते त्याचं कामच असतं. ही युक्ती माझी स्वतःची. वरिष्ठांनी तिचं कौतुक केलं होतं. नव्या पोरांना ती शिकवायला मला दोनदा बोलावलंही होतं.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी असाच एका मुलाच्या चौकशीला तासगावच्या पूर्वेला गेलो. घर मेंढरामागं फिरणाऱ्यांचं. बाप अजून कळप घेऊन विजापूरच्या अंगाला जायचा. मुलगा मात्र शिकला होता, बापासोबत हिंडून कन्नड पाण्यासारखं बोलायचा, परीक्षेत वरचा नंबर काढून आमच्याकडे आला होता. असला माणूस खात्याला दिवा घेऊन शोधावा लागतो. शाळेत विचारलं, सोसायटीत विचारलं, सगळीकडे चांगलंच. शेवटी नियमाप्रमाणे लगतचं घर.

लगतच्या घरची बाई बेदाण्याच्या शेडात द्राक्षं वाळवायच्या जाळ्या झाडत होती. चाळिशीची, धिप्पाड, डोक्याला फडकं बांधलेलं. मी माझं नेहमीचं पालुपद लावलं. तिनं हातातलं काम ठेवलं, मला नीट न्याहाळलं आणि मला बाजूला बोलावलं.

"पावणं, तुमी लांबनं आलासा म्हून सांगती. पोरगं सोन्यावानी हाय. पर त्येला फेपरं येतंया."

"कधीपासून?"

"बारकं असल्यापास्नं. एकदा मेंढरामागं गेल्यालं, बांधावर पडलं, तोंडाला ह्यो फेस. मीच कांदा हुंगवला. त्येच्या आईनं शपथ घातलीया, कुटं बोलू नगं म्हून. तुमी बी माझं नाव घिऊ नगासा."

मी मान डोलावली, "बरं, कळवतो," म्हणालो आणि निघालो. तासगावला परत येताना एसटीतच कच्चा कागद केला. पक्क्या कागदावर लिहिलं: शेजारी स्त्रीच्या सांगण्यानुसार उमेदवारास लहानपणापासून फेफऱ्याचा त्रास असून कुटुंबीय तो लपवतात. बांध, फेस, कांदा, सगळं लिहिलं. एवढं बारीक कोण कशाला खोटं सांगेल? आपल्याला माहिती काढता येते याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

डॉक्टरी तपासणीत मुलगा ठणठणीत निघाला, म्हणून त्याला घेतलं. पण पडताळणीचा कागद बंद पाकिटात माणसाच्या फायलीला चिकटवलेला असतो. माणूस जाईल तिथं फाईल जाते. प्रत्येक नवा साहेब ते पाकीट उघडतो, वाचतो, परत चिकटवतो. ज्याच्याबद्दल आहे त्याला मात्र ते कधी दाखवत नाहीत.

दीड वर्षानं त्याचं लग्न ठरलं. आमच्या खात्यात लग्नाच्या मुलीचीही पडताळणी लागते, ती परत माझ्याकडेच आली. पत्ता वाचला आणि दोनदा वाचला. त्याच गल्लीतलं, लगतचं घर. गावात शाळामास्तरांकडे चौकशी केली. मुलीची आई कोण, तर बेदाण्याच्या शेडातली तीच बाई. मास्तर म्हणाले, "लय दिवसांपासनं तिच्या मनात होतं. हा जावई हातचा जाऊ द्यायचा न्हाई म्हणून टपून बसलेली."

म्हणजे मी दारात आलो तो तिच्या ठरवलेल्या जावयाला पळवायला आलेला पाहुणा होतो. तिनं मला एका शब्दात वाटेला लावलं. आमच्याकडे सोयरिकीत दुखण्याचं नाव निघालं की पाहुणे चहासुद्धा अर्धा टाकून उठतात, हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण मी थोडाच खरा पाहुणा होतो?

परतीच्या गाडीत मी एकटाच हसत होतो. ऑफिसात सांगितलं तर साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. "बाई आपल्या खात्यात घ्यायला पाहिजे होती," म्हणाले. पुढं कितीतरी वर्षं चहाच्या वेळी तो किस्सा मला सांगायला लावायचे. मी फेपरं हा शब्द तिच्या आवाजात म्हणायचो आणि सगळे खिदळायचे.

हसून झाल्यावर मी एकदा विचारलं होतं, "साहेब, मग तो पहिला कागद?" साहेब म्हणाले, "तो वर गेला. आता दुरुस्ती पाठवायची तर आधी चूक कशी झाली ते लिही. ते तुझ्या फायलीला लागेल. तुझी बढती कधी आहे?" बढती दोन महिन्यांवर होती. मी गप्प बसलो. कुणी मला धमकावलं नव्हतं, माझा हात धरला नव्हता. मी आपणहून गप्प बसलो.

आता साताऱ्याचं सांगतो. विश्रामगृहाच्या मोठ्या खोलीत लांब टेबल, पलीकडे तिघं. एक निवृत्त न्यायाधीश, एक निवृत्त सचिव आणि पुण्याच्या एक प्राध्यापिका. माणसं नेमणं आणि सांभाळणं हाच त्यांचा शिकवायचा विषय होता. पहिले दोघे मला बदल्यांबद्दल विचारत होते. बाई समोरचे कागद चाळत होत्या. कागदांवर नावं काळी केलेली, नुसते नंबर.

मग बाईंनी विचारलं, "तुम्ही लोकांकडे कोण म्हणून जायचा?"

मी माझी युक्ती रंगवून सांगितली. न्यायाधीश हसले. बाई हसल्या नाहीत.

"म्हणजे लोक उत्तर द्यायचे ते लग्नाच्या प्रश्नाला. आणि तुम्ही ते नोकरीच्या कागदावर लिहायचा."

"हो, पण माहिती ती माहितीच ना."

"बरं, लग्नाच्या चौकशीला लोक खरं सांगतात का? तुमच्या भागात?"

मी सराईतासारखा सांगू लागलो. "बहुतेक लोक चांगलंच सांगतात, जुळती सोयरीक मोडायचं पाप नको म्हणून. भांडण असेल तर वाईट सांगतात. आणि ज्यांच्या घरात लग्नाची मुलगी असते ते..." मला बेदाण्याचं शेड आठवलं.

त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. नाव काळं केलेलं होतं, पण अक्षर माझं. बांध, फेस, कांदा. खाली निरनिराळ्या शाईत निरनिराळ्या साहेबांच्या सह्या. मागच्या कागदांवरून कळलं, या माणसाला बाहेर कधी पाठवलं नाही. हत्याराचं शिक्षण नाही, गाडी नाही, सीमेवर नाही, कन्नड मुलखातही नाही. दिल्लीतल्या एका खोलीत बसून तो वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवत होता. त्यानं बदलीचे सात अर्ज केले होते, सातांवर एकच शेरा: प्रशासकीय कारणास्तव नामंजूर. एका अर्जात त्यानं लिहिलं होतं, "माझे काय चुकते ते कळविल्यास सुधारणा करीन." तो अर्ज मी तिथं बसून वाचला.

बाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात याची पन्नाशीची तपासणी आहे. ठेवायचा की घरी पाठवायचा ते ठरेल, आणि तेव्हा सगळ्यात वर हा कागद असेल. आम्ही हा नमुना म्हणून काढलाय, कारण सांगणाऱ्या स्त्रीचं नाव नाही, सही नाही. तुम्हाला काही आठवतं?"

मी सगळं सांगितलं. मुलीची पडताळणी, साहेबांचं हसणं, माझी बढती. चहाच्या वेळचा किस्साही सांगितला. त्या वेळी खोलीत कुणी हसलं नाही.

न्यायाधीश म्हणाले, "आम्हाला पद्धत तपासायची आहे, एकेका माणसाचा न्याय करायचा अधिकार आम्हाला नाही." पण बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. "त्या स्त्रीचं सहीनिशी निवेदन आणि तुमचं निवेदन आठ दिवसांत आणा. मी आमच्या पत्रासोबत पाठवते. तपासणीच्या आधी पोचलं तर त्याची नोकरी वाचेल."

तिसऱ्या दिवशी तासगावला उतरलो आणि पुढं एका ट्रॅक्टरवर बसून त्या गावी गेलो. लगतच्या घरची ती बाई आता म्हातारी झाली होती. शेडाच्या सावलीत बसून बेदाणा निवडत होती. मी नमस्कार केला. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं, आणि तिच्या मांडीवरचं सूप कलंडलं.

"तुमी सोयरिकीचं पावणं न्हवं?"

"होय."

तिनं सांडलेला बेदाणा सुपात भरला. मग हळूच म्हणाली, "त्या पोरीचं जमलं का मग कुटं?"

मला कळेना. "कुठल्या पोरीचं?"

"तुमच्या नात्यातल्या. जिच्यासाटनं आल्तासा. मी तुमास्नी लबाड सांगितलं पावणं. पोराला काय सुदिक न्हवतं. माज्या पोरीसाटनं बोलली मी. पर दरसाली चैतात देवीम्होरं त्या पोरीच्या नावानं नारळ फोडती. म्हनती, बाई, तुजं ताट मी वडलं, तुला दुसरीकडं सुकाचं मिळू दी. झालं का तिचं?"

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी नाना सोंगं घेतली, पण त्या दिवसासारखी लाज मला कधी वाटली नाही. मी सांगितलं, मुलगी नव्हतीच. मी कुणासाठी आलो नव्हतो, मी सरकारकडून आलो होतो. आणि तिनं सांगितलेलं फेपरं कुणा पोरीला लागलं नाही, ते तिच्या जावयाच्या फायलीला पंचवीस वर्षं चिकटून आहे.

ती बेदाण्यातलं एक देठ बोटांत धरून बसून राहिली. "त्यो म्हनायचा," ती म्हणाली, "मामी, साहेब मला म्होरं जाऊ देईनात, माजं काय चुकतंया उमजंना. मी म्हनायची, तुज्या नशिबातच न्हाई रं." मग तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. "तुमाला कवा कळलं, मी लबाड बोलल्याली?"

"लग्नाच्या वेळीच."

"आनि गप बसलासा?"

"कुणी विचारलं नाही."

"मला बी कुनी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "मी पोरीसाटनं बोलली. तुमी कुनासाटनं गप बसलासा?"

मी तिच्यासमोर खाली बसलो. पिशवीतून कागद काढला आणि निवेदन लिहिलं. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरीसाटनं क्येलं, आसं बी लिवा." मी म्हटलं त्याची गरज नाही. "लिवा," म्हणाली. लिहिलं. तिनं एकेक अक्षर दाबून सही केली. त्याच दुपारी तिनं जावयाला फोन लावला आणि माझ्यासमोर सगळं सांगून टाकलं. पलीकडून त्यानं एवढंच विचारलं, "मामी, जेवलासा का?" तेव्हा ती रडली.

कागद वेळेत पोचले. प्राध्यापिकाबाईंनी शब्द पाळला. दोन महिन्यांनी त्यांचाच फोन आला आणि त्यांनी आलेलं उत्तर मला वाचून दाखवलं. निवेदन देणारी स्त्री ही कर्मचाऱ्याची सासू असून निवेदनातच तिने मुलीच्या हिताचा उल्लेख केला आहे, सबब ते विचारात घेता येत नाही. सेवानिवृत्त अधिकाऱ्याचे स्मरण हा पुरावा नव्हे. शेजारीण होती तेव्हा नाव नाही, सही नाही, तरी तिचा शब्द पंचवीस वर्षं चालला. सासू झाली, सही केली, आणि चालेना. "अहवालात आम्ही घातलंय," प्राध्यापिका म्हणाल्या, "हेतू लपवून मिळवलेली माहिती पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये." त्यांचा आवाज थकला होता. मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

म्हातारीचा जावई पन्नाशीतच नोकरी जाऊन घरी आला. बायको आणि मुलगी घेऊन गावाकडच्या घरात राहायला लागला. मी एकदा भेटायला गेलो. जाळ्यांवर बेदाणा पसरत होता. मला बघून हात पुसत आला, खुर्ची दिली. राग केला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

गावाला मात्र कारण पाहिजेच असतं. सरकारी माणूस आठ-दहा वर्षं आधी घरी बसला म्हणजे कायतरी असणार. कुणी म्हणे पैसे खाल्ले, कुणी म्हणे डोकं फिरलं. आणि याच सुमाराला त्याच्या मुलीला स्थळं यायला लागली. एक कराडकडचं स्थळ फार चांगलं होतं. मुलगी पसंत होती, फक्त बापाचं काय ते त्यांना कळत नव्हतं. म्हातारीचा मला फोन आला.

"पावणं, त्यास्नी तुमचा पत्त्या दिलाय. म्हनलं खात्यातलं जुनं मानूस माधवनगरात हाय, त्यास्नी इचारा. आता तरी खरं सांगा."

दोन दिवसांनी मुलाचे चुलते मोटारसायकलवरून आले. सभ्य गृहस्थ, पांढरी टोपी. बायकोनं चहा केला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी जपून विषय काढला. "मुलीच्या वडलांचं आमाला कळंना. तुमी एका खात्यातलं. काय भानगड बिनगड?"

मी ठरवलंच होतं, या वेळी काही लपवायचं नाही. पहिल्यापासून सांगितलं. माझं सोंग, म्हातारीचं खोटं, माझं गप्प बसणं. "त्या माणसाला फेपरं कधीच नव्हतं," मी म्हणालो, "पाहिजे तर देवावर हात ठेवतो. कागदात होतं ते मी लिहिलेलं होतं, आणि ते साफ खोटं आहे." त्यांनी शांतपणे ऐकलं. एकदाच विचारलं, "पर सरकारनं त्यामुळंच घरी बसवलं न्हवं?" होय म्हणावं लागलं. "बरं," ते उठत म्हणाले, "कळवतो."

ते गेल्यावर मी किती तरी वर्षांनी मोकळा श्वास घेतला. बायकोला म्हणालो, आज एक काम नीट झालं. तिनं कपबशा उचलल्या. पाहुण्यांच्या कपात अर्धा चहा तसाच होता.

पंधरा दिवसांनी म्हातारीचा फोन.

"पावणं परत फिरकलंच न्हाईत. तुमी काय सांगितलंसा?"

"खरं तेच सांगितलं. सगळं."

"फेपऱ्याचं नाव काढलंसा?"

"काढावंच लागलं. ते खोटं आहे म्हणून शपथेवर सांगितलं."

मागं शेडात कुणीतरी जाळ्या झाडत होतं, तो आवाज येत होता.

"आवं, जलमभर सोयरिकीचं पावणं झालासा," ती म्हणाली, "आनि तुमास्नी एवडं म्हाईत न्हाई? सोयरिकीच्या मानसाला त्यो शबुद ऐकवायचाच नसतोय. न्हाई म्हनून सुदिक न्हाई."

आणि तिनं फोन ठेवला.